६० सेंटिमीटरच्या टेबलासाठी स्पीकर निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ६० सेंटिमीटर खोल टेबल, मागे भिंत, मधोमध २७ इंची स्क्रीन आणि बाजूला लॅपटॉप. दिवसा थोडंफार व्हिडिओ एडिटिंग, रात्री घर झोपल्यावर हळू आवाजात गाणी. खर्च आटोक्यात हवा. यादी कापत कापत तुम्ही जेबीएल ३०५पी मार्क-२ (५ इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा पडदा) आणि एडिफायर एमआर४ (४ इंची) या दोघांवर आलात, आणि ‘५ इंचांखालचा वूफर म्हणजे खेळणं’ असं कुणीतरी ठणकावून सांगितल्यामुळे तिथेच अडलात. शिवाय वेगळा ऑडिओ इंटरफेस (कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारी बाहेरची डबी) घ्यावा लागेल का, हेही विचारलंय.

मी ध्वनिसंकलनाच्या कामात आहे. स्टुडिओपेक्षा एडिटर मंडळींच्या घरच्या टेबलांवर स्पीकर लावून देण्याचे प्रसंगच मला जास्त येतात. त्या अनुभवावरून सांगतो: या दोन्ही जोड्या चांगल्या आहेत, आणि त्यांतली उजवी कोणती यावर कितीही वाद घातला तरी तुमचा प्रश्न सुटणार नाही. तुमची खरी अडचण त्या टेबलाची आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरोखरच वाकडं आहे. म्हणून आधी टेबलाचं बोलू, मग स्पीकरचं.

‘निअर-फील्ड’ म्हणजे काय, तर स्पीकरच्या इतकं जवळ बसायचं की कानावर येणारा बहुतेक आवाज थेट स्पीकरमधून यावा आणि खोलीच्या भिंतींवर आपटून येणारा त्याच्या मानाने खूप कमी असावा. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीतला घुमणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे साध्या, आवाज शोषणारं काही न लावलेल्या खोलीतसुद्धा जवळ बसून बऱ्यापैकी खरं ऐकता येतं. हे तंत्र स्टुडिओत रुळलं ते मिक्सिंग कन्सोलवर ठेवलेल्या छोट्या खोक्यांमुळे. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती वापरासाठी काढलेला स्पीकर पुढे जगभरच्या कन्सोलवर जाऊन बसला, तो काही त्याच्या गोड आवाजामुळे नव्हे. जवळ ठेवता येत होता आणि चुका लपवत नव्हता म्हणून. पण जवळ बसण्याचा हा फायदा फक्त खोलीच्या विरुद्ध मिळतो. टेबलाचा पृष्ठभाग आणि मागची भिंत स्पीकरला खेटूनच असतात, त्यांच्यापासून सुटका नाही.

आता तुमचं माप घेऊ. २७ इंची स्क्रीन साधारण ६१ सेंटिमीटर रुंद असते. ३०५पी १८.५ सेंटिमीटर रुंद आणि २३ सेंटिमीटर खोल आहे. स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना चिकटवून ठेवलेत तरी दोन ट्वीटरमधलं (ट्वीटर म्हणजे तीव्र स्वर वाजवणारा छोटा पडदा) अंतर ८० सेंटिमीटर होणार. मागे एक्सएलआर किंवा पाव इंची जॅकची पिन सरळ बाहेर येते, तिला आणि केबलच्या वळणाला ७-८ सेंटिमीटर सोडा. म्हणजे स्पीकरचा चेहरा भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर आला, आणि पुढे टेबल उरलं जेमतेम ३० सेंटिमीटर. त्यात कीबोर्ड बसवायचा. खुर्ची नेहमीच्या जागी ठेवून बसलात तर कान टेबलाच्या कडेमागे १५ सेंटिमीटरवर धरू. स्पीकर आणि कान यांच्यात समोरासमोर अंतर ४५ सेंटिमीटर, आणि दोन स्पीकर एकमेकांपासून ८० सेंटिमीटर लांब. कोन जवळजवळ ८३ अंशांचा होतो. पाहिजे ६० च्या आसपास, म्हणजे दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण.

एवढा रुंद कोन झाला की मधला आवाज विस्कटतो. बोलणारा माणूस स्क्रीनच्या मध्यावर न वाटता दोन्हीकडे विरघळल्यासारखा वाटतो, आणि डोकं एक वीत हललं की एका बाजूला पळतो. एडिटिंगमध्ये ही गोष्ट फार जाचते. एमआर४ साधारण १४ सेंटिमीटर रुंद आणि २० खोल आहे. हाच हिशेब त्याला लावला तर कोन ७५ अंशांच्या आसपास येतो. आदर्श नाहीच, पण खुर्ची वीतभर मागे घेतली की जमण्यासारखा. थोडक्यात, तुमच्या टेबलावर लहान खोक्याच्या बाजूने पहिलं मत पडतं, आणि त्याचा वूफरच्या गुणवत्तेशी काहीही संबंध नाही.

टेबल बदलता येत नसेल तर जागा काढायचे दोन मार्ग आहेत. स्क्रीन क्लॅम्पच्या हातावर घेऊन भिंतीला टेकवा, म्हणजे तिचा स्टँड जाऊन बराच भाग मोकळा होतो. किंवा टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढून स्पीकर टेबलामागे जमिनीवरच्या स्टँडवर उभे करा. दुसरा मार्ग दिसायला खटाटोपाचा आहे, पण त्याने कोन, उंची आणि टेबलाचा थरथराट हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. जागा असेल तर मी नेहमी तोच सुचवतो. एक मात्र बघा: स्पीकरचा चेहरा स्क्रीनच्या पातळीपेक्षा मागे जाऊ देऊ नका. स्क्रीनची कड ट्वीटरच्या वाटेत आली की तीव्र स्वर अडतात आणि परावर्तित होतात.

भिंतीबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो: ‘पोर्ट मागे असेल तर भिंतीजवळ ठेवूच नका.’ पोर्ट म्हणजे खोक्यातली हवा आत-बाहेर करणारं भोक. ३०५पीचा पोर्ट मागेच आहे, म्हणून तुम्हालाही कुणीतरी हे सांगेल. पोर्टला श्वास घ्यायला बोटभर नाही, चांगली ८-१० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, एवढंच त्यात तथ्य आहे. आणि ती जागा केबलमुळे जवळपास आपोआप सुटतेच. खर्जाच्या लहरी इतक्या लांब असतात की पोर्ट पुढे असो वा मागे, त्या स्पीकरभोवती सगळीकडे पसरतात. १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटर लांब असते. तिला २३ सेंटिमीटरचं खोकं म्हणजे काहीच नाही. पुढे पोर्ट असलेला स्पीकर भिंतीजवळ ठेवला तरी खर्ज फुगणारच.

भिंतीमुळे दोन गोष्टी होतात. एक, खर्ज वाढतो, जास्तीत जास्त ६ डेसिबलपर्यंत. दुसरी गोष्ट जास्त लबाड आहे. भिंतीवर आपटून परत आलेली लहर विशिष्ट ठिकाणी मूळ लहरीला छेद देते आणि तिथे आवाजात खड्डा पडतो. चेहरा भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर असेल तर खड्डा २८५ हर्ट्झच्या आसपास पडतो, एक मीटरवर असेल तर ८६ हर्ट्झला, म्हणजे ऐन खर्जात. म्हणून ‘भिंतीपासून जमेल तेवढं लांब’ हा सल्ला लहान खोलीत अनेकदा उलटतो: थोडंसं लांब नेलं की खड्डा नेमका बास गिटारच्या आणि तबल्याच्या डग्ग्याच्या प्रदेशात सरकतो. भिंतीला खेटून ठेवलेला स्पीकर उलट बरा, कारण नुसता वाढलेला खर्ज कमी करता येतो, खड्डा भरता येत नाही. शिवाय तुम्ही जवळ बसता, त्यामुळे भिंतीवरून येणारी लहर थेट लहरीपेक्षा बरीच लांबचा रस्ता तुडवून, अशक्त होऊन येते आणि खड्डा उथळ राहतो.

वाढलेला खर्ज कमी करायची सोय स्पीकरवरच असणं, ही म्हणून माझ्या दृष्टीने पहिल्या तीन अटींपैकी एक. ३०५पीच्या पाठीवर ‘बाउंडरी ईक्यू’ (ईक्यू म्हणजे वेगवेगळ्या टप्प्यांतले स्वर कमीजास्त करायची सोय) नावाचं बटण आहे, त्यात दीड आणि ३ डेसिबल खर्ज कमी करता येतो. यामाहा एचएस५ला २ आणि ४ डेसिबलची सोय आहे. काली ऑडिओ कंपनीच्या एलपी-६ वर तर टेबल, भिंत, स्टँड अशा मांडणीनुसार बारीक स्विच दिलेले आहेत. एमआर४वर खर्ज-तीव्र कमीजास्त करायचे नॉब आहेत. स्विच काय किंवा नॉब काय, ते तिथे आहेत हे महत्त्वाचं.

टेबलाचा पृष्ठभाग हा तिसरा भागीदार, आणि बहुतेक लोक त्याला विसरतात. स्पीकर सरळ टेबलावर ठेवला तर ट्वीटर टेबलापासून १७-१८ सेंटिमीटर उंच असतो, आणि बसलेल्या माणसाचे कान ४०-४५ सेंटिमीटर. एक आवाज थेट कानाशी येतो, दुसरा टेबलावर आपटून. त्या दुसऱ्याला साधारण २० सेंटिमीटर जास्त चालावं लागतं. २० सेंटिमीटर ही ८५० हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी. म्हणजे माणसाच्या आवाजाचा जो गाभा, तिथेच काट बसते. ‘स्पीकर चांगले आहेत हो, पण आवाज जरा डब्यातून आल्यासारखा येतो’ ही तक्रार मला कुणी सांगितली की मी ब्रँड विचारतच नाही, स्पीकर किती उंचीवर ठेवलेत ते विचारतो.

परीक्षा सोपी आहे. नेहमीच्या जागी बसा आणि कुणाला तरी टेबलावर एक लहान आरसा आडवा सरकवत न्यायला सांगा. आरशात ट्वीटर जिथे दिसेल तिथून तो आवाज परतून येतोय. त्या जागी उशी ठेवून ऐका आणि काढून ऐका. निवेदकाच्या आवाजात फरक पडलेला लगेच कळतो. उपाय म्हणजे स्पीकर उचलून ट्वीटर कानाच्या पातळीला आणणं. छोटे टेबल-स्टँड मिळतात, पण दोन भक्कम लाकडी ठोकळेही तेच काम करतात. उंची वाढली की परतणाऱ्या आवाजाला ४० सेंटिमीटरहून जास्त वळसा पडतो, तो आणखी क्षीण होतो, आणि ट्वीटरच्या तोंडासमोरून न निघता खालच्या कडेने निघतो. उचलणं शक्यच नसेल तर निदान स्पीकर मागे कलवून ट्वीटरचं तोंड कानाकडे करा. पूर्ण उपाय तो नव्हे, तरी तीव्र स्वर तरी नीट येतात. आडवे मात्र झोपवू नका. वूफर आणि ट्वीटर एकाखाली एक असतील तर डोकं डावी-उजवीकडे हललं तरी दोघांचं कानापासूनचं अंतर सारखंच बदलतं. आडवे केले की जरा हललं तरी मधल्या स्वरांत खड्डे. ट्वीटर वूफरच्या मध्यात बसवलेले कोअॅक्सियल प्रकारचे स्पीकर याला अपवाद, जेबीएलचा १०४ हे त्याचं स्वस्तातलं उदाहरण.

फोमच्या पॅडबद्दल विचारलं नाहीत, तरी कुणीतरी विकायला येईलच म्हणून सांगतो: टेबल पोकळ आणि खडखडणारं असेल तर उपयोग होतो, जाड लाकडी असेल तर फार नाही. त्यांचा खरा फायदा बहुधा त्यांच्या उतारामुळे होतो, स्पीकर कलतो म्हणून.

इथवर जे आलं ते एका दमात: कोन ६० च्या जवळ, ट्वीटर कानाच्या उंचीला, पाठ भिंतीशी आणि खर्जाचा स्विच खाली. एवढं करून ठेवलेला साधा स्पीकर, न करता ठेवलेल्या महागड्या स्पीकरपेक्षा एडिटिंगला जास्त उपयोगी पडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता वूफरचे इंच. ५ इंची वूफर ४ इंचीपेक्षा खाली जातो, यात वाद नाही. प्रश्न किती खाली, आणि ते तुमच्या कामाचं आहे का. कागदावरचे आकडे वाचताना जपा. यामाहा एचएस५चा आकडा ५४ हर्ट्झ असा छापतात, पण तो ‘वजा १० डेसिबल’चा आहे, म्हणजे तिथे आवाज आधीच बराच गळालेला असतो. ३ डेसिबलच्या हिशेबाने तोच स्पीकर ७४ हर्ट्झपर्यंत जातो. ३०५पीचे हेच दोन आकडे ४३ आणि ४९. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी मांडताना दोन्ही एकाच कसोटीचे आहेत ना, एवढं बघा, आणि कुठली कसोटी ते लिहिलंच नसेल तर तो आकडा सोडून द्या. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, पण तिचा आवाज ओळखता येतो तो तिच्या वरच्या स्वरांमुळे, ८० आणि १२० हर्ट्झवाल्या. म्हणून ४ इंची स्पीकरवरही बासची सुरावट कळते. कळत नाही ते पोटात जाणवणारं वजन.

रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला ते वजन कुठलाही स्पीकर देणार नाही, कारण अडचण कानातच आहे. आवाज लहान झाला की आपल्याला खर्ज बाकीच्या स्वरांपेक्षा जास्त वेगाने ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवलंय. रात्रीपुरता खर्ज ३-४ डेसिबल वाढवा, सकाळी एडिटिंगला बसण्याआधी परत शून्यावर आणा. ही सवय लागली नाही तर तुमच्या सगळ्या व्हिडिओंत खर्ज कमी राहील, कारण तुम्हाला तो भरपूर ऐकू येत असेल.

वॅटचा विचार तर सोडूनच द्या. सर्वसाधारण लहान स्पीकर एक वॅटला एक मीटरवर ८५-८६ डेसिबल देतो. तुम्ही ७० सेंटिमीटरवर बसणार, म्हणजे आणखी ३ मिळाले. बोलण्याच्या कामासाठी ६५ ते ७५ डेसिबल पुरतात, म्हणजे बहुतेक वेळ तुमचा अँप्लिफायर एका वॅटच्या आतच फिरत असतो. उरलेले वॅट ढोलाच्या थापेसारख्या क्षणिक उसळीसाठी. आणि वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. खोक्यावर ‘पीएमपीओ’ असं लिहून हजारांचे आकडे दिले असतील तर ते खोकं तिथेच ठेवा.

जवळ बसण्याचा तोटा एकच, आणि तुमच्यासारख्या रात्रीच्या श्रोत्याला तो सर्वांत जास्त लागतो: हिस. ॲक्टिव्ह, म्हणजे आतच अँप्लिफायर असलेला, स्पीकर नुसता चालू केला, काहीच वाजत नसलं, तरी ट्वीटरमधून बारीक ‘स्स्स्’ येतो. दोन मीटरवर कळत नाही. ६० सेंटिमीटरवर, पंखा बंद असलेल्या खोलीत, कळतो. तो स्पीकरच्या आतल्या अँप्लिफायरचा असतो, त्यामुळे कॉम्प्युटरचा आवाज कमी करून तो जात नाही. स्पीकरच्या पाठीवरचा गेन (आत आलेला आवाज किती वाढवायचा तो नॉब) कमी केला की काही स्पीकरमध्ये घटतो, काहींत तसूभरही हलत नाही. ताकदीच्या मानाने स्वस्त असलेल्या ५ इंची स्टुडिओ स्पीकरमध्ये ही तक्रार जास्त दिसते, कारण त्यांचं गणित मोठ्या आवाजासाठी मांडलेलं असतं. याची परीक्षा दुकानात होत नाही, तिथे गोंगाट असतो. म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या आणि पहिल्याच रात्री, सगळं शांत झाल्यावर, काही न वाजवता दहा मिनिटं समोर बसा. दुर्लक्ष होत असेल तर ठीक. सारखं लक्ष तिकडेच जात असेल तर दुसऱ्या दिवशी परत करा. पुढे सवय होईल या आशेवर ठेवू नका.

हळू आवाजातली आणखी एक खोड. ज्या स्पीकरला दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच नॉब असतो, त्याच्या आतले डावा आणि उजवा हे दोन भाग अगदी खालच्या टप्प्यात जुळत नाहीत. नॉब जरासाच उघडला की एक बाजू मोठी, दुसरी लहान. लोकांना वाटतं स्पीकर बिघडला. नॉब अर्ध्याच्या आसपास ठेवा आणि आवाज कॉम्प्युटरवरून कमी करा, दोन्ही बाजू सारख्या होतात. काही स्पीकर वीज वाचवायला आपोआप झोपतात, आणि हळू आवाजाला ‘काहीच वाजत नाही’ असं समजून गाण्याच्या मध्येच डुलकी घेतात. ती सोय बंद करता येते का, हे माहितीपुस्तिकेत आधी बघा.

इंटरफेसचं उत्तर स्पीकरवर अवलंबून आहे, आणि इथेच तुमच्या दोन पर्यायांतला खरा फरक आहे. ३०५पीच्या प्रत्येक खोक्यात स्वतःचा अँप्लिफायर आहे. दोन्हींना वेगळी वीज, वेगळी केबल, आणि आवाजाचा नॉब प्रत्येकाच्या पाठीवर. रोज हात मागे घालून दोन नॉब सारखे फिरवणं कुणी करत नाही. म्हणजे मध्ये इंटरफेस किंवा निदान व्हॉल्यूम कंट्रोलरची छोटी डबी आलीच. एमआर४मध्ये अँप्लिफायर एकाच खोक्यात आहे, दुसरं साध्या वायरने त्याला जोडायचं. नॉब आणि हेडफोनची जागा पुढेच. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून थेट वाजवता येतो. किमतीची तुलना करताना म्हणून स्पीकर विरुद्ध स्पीकर असं मांडू नका. एका पारड्यात ३०५पी, इंटरफेस, दोन केबल आणि दुसऱ्यात एमआर४ असं मांडा, मग फरक डोळ्यांत भरेल.

लॅपटॉपमधून थेट जोडणार असाल तर केबलकडे नीट लक्ष द्या. लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटर जॅकमध्ये डावा-उजवा असे दोन आवाज एकाच पिनवर असतात. स्टुडिओ स्पीकरचा पाव इंची जॅक दिसायला तसाच तीन पट्ट्यांचा, पण तो बॅलन्स्ड असतो: तिथल्या दोन तारा एकाच आवाजाची सुलट आणि उलट प्रत नेतात, आणि स्पीकर त्यांची वजाबाकी करतो. स्टिरिओ केबल सरळ तिथे खुपसली तर स्पीकर डाव्यातून उजवा वजा करतो. जे दोन्हीकडे सारखं आहे ते नाहीसं होतं, आणि गाण्यात मध्यावर असतो तो गायक. वाद्यं वाजतायत, घुमारा ऐकू येतोय आणि गायक गायब, असा फोन आला की कारण हमखास हेच असतं. तुम्हाला हवी ती केबल एका टोकाला ३.५ची स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला फुटून दोन मोनो पिना असलेली. आरसीएचे (लाल-पांढऱ्या गोल पिनांचे) इनपुट असतील तर दोन आरसीए.

दुसरा त्रास घरघरीचा. चार्जर लावला की स्पीकरमध्ये हम येतो, माऊस हलवला की चिरचिर. चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घरघर गेली तर दोष स्पीकरचा नाही, अर्थिंगच्या जोडणीतून फिरणाऱ्या प्रवाहाचा आहे. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतलं की पुष्कळदा निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला सोडवायला बॅलन्स्ड आउटपुट असलेला इंटरफेस, किंवा केबलच्या मध्ये बसणारा आयसोलेटर. पिनेतलं अर्थिंग काढून टाकण्याचा ‘जुगाड’ कुणी सुचवला तर ऐकू नका. ते अर्थिंग तुमच्या जिवासाठी आहे. म्हणजे क्रम असा: आधी थेट जोडा, चार्जरसकट ऐका, घरघर आली आणि आयसोलेटरनेही गेली नाही तरच इंटरफेस. माईकवर आवाज रेकॉर्ड करायचा बेत असेल तर गोष्ट वेगळी, मग तो तसाही लागणारच. ब्लूटूथवर एडिटिंग करू नका. आवाज चित्रामागे रेंगाळतो आणि ओठ जुळत नाहीत.

तर माझं मत. टेबल आहे तसंच, भिंतीला लागून राहणार असेल, स्पीकर टेबलावरच ठेवायचे असतील आणि रात्रीचं ऐकणं महत्त्वाचं असेल, तर एमआर४ घ्या आणि वाचलेल्या पैशांतून स्टँड व चांगली केबल घ्या. त्याच वर्गातला प्रीसोनस एरिस ३.५ आणखी लहान आहे. टेबल तुमच्याहूनही अरुंद असतं तर मी त्याचं नाव आधी घेतलं असतं. टेबल पुढे ओढून मागे उभे स्टँड ठेवायची तयारी असेल, इंटरफेस घेणारच असाल, आणि संगीत जोडण्याचं काम वाढणार असेल, तर ३०५पी. खर्जात ते खरोखरच जास्त दाखवतं आणि ते तुम्हाला पुढे लागेल. ८ इंचीच्या मोहात मात्र कोणत्याही परिस्थितीत पडू नका. त्याचे वूफर आणि ट्वीटर एकमेकांपासून इतके लांब असतात की हातभर अंतरावर त्यांचा आवाज एकजीव होत नाही, वर ट्वीटर ऐकू येतो आणि खाली वूफर.

सबवूफर (फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर) सध्या नको. साध्या खोलीत, समोरासमोरच्या भिंतींत तीन मीटर अंतर असेल तर ५७ हर्ट्झला खोली स्वतःच घुमू लागते. सबवूफर त्या घुमण्याला खतपाणी घालतो, आणि तुम्हाला कळत नाही की हा खर्ज व्हिडिओत आहे की खोलीत. खालचं तपासायला एक बरा हेडफोन ठेवा.

मांडणी झाल्यावरही एखादा स्वर उसळत असेल तर सॉफ्टवेअरचा ईक्यू वापरा. विंडोजवर ‘इक्वलायझर एपीओ’ फुकट मिळतं, मोजमाप करायचं असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ही. नियम एकच: उंचवटे कापा, खड्डे भरू नका. खड्डा हा दोन लहरींच्या भांडणाचा असतो. तिथे आवाज वाढवलात तर दोन्ही लहरी वाढतात आणि भांडण तसंच राहतं, नुसता अँप्लिफायर दमतो.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत, तीन गोष्टी वाजवून बघा. एखाद्या पुरुष निवेदकाचं मोनो (दोन्ही बाजूंना सारखंच असलेलं) रेकॉर्डिंग: आवाज स्क्रीनच्या बरोबर मध्यावरून, एका ठिपक्यातून यायला हवा, बाजूला कलत असेल तर आधी डाव्या-उजव्या स्पीकरची अंतरं टेपने मोजा, मग नॉब बघा, मगच स्पीकरवर शंका घ्या. दुसरं, तुम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलेलं एक गाणं, अगदी हळू. तिसरं, ४० पासून ३०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा एकच स्वर, मध्यम आवाजात. त्यात काहीतरी खडखडेल, याची मी जवळपास खात्री देतो. स्पीकरवर तळहात ठेवून दाबा. खडखड थांबली नाही तर पेनाचा डबा, स्क्रीनचा स्टँड, खिडकीची काच एकेक करून धरून बघा. हे सगळं धरूनही खोक्याच्या आतूनच येत असेल, तर पॅकिंग फाडलेलं नसू दे.